वार लागेल

पुण्यात चित्रपटनिर्मितीच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला दाखल होऊन मला आठवडाही झाला नव्हता, तेव्हा संकलनाच्या तासाला मी सरांना म्हणाले, "माझं अजून झालेलं नाही, थोडी वार लागेल." वर्ग क्षणभर गप्प झाला आणि मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, "कुणावर?" त्यानंतर वर्षभर मला 'तलवार' हे नाव चिकटले. बडोद्यात 'वार लागणे' म्हणजे वेळ लागणे. हा गुजराती शब्द आमच्या मराठीत इतका मुरला आहे की, तो परका असल्याचे मला वयाच्या चोविसाव्या वर्षी, पुण्यात, इतरांच्या हसण्यावरून कळले. 'फावणे'चेही तसेच. "मंगळवारी मला फावेल" असे मी म्हटले की समोरचा माझ्याकडे संशयाने पाही, कारण पुण्यात फावते ते दुसऱ्याचे, आणि तेही आपण गाफील असलो तर. बडोद्यात कोणालाही काहीही फावू शकते. जागा फावते, हवा फावते, जावईसुद्धा फावतो. पुढे मी जो माहितीपट केला, तो तयार होताना नेमका याच 'वार'पाशी अडून बसणार होता, हे तेव्हा मला ठाऊक असते तर त्या हशाचा मी इतका राग धरला नसता.

माझे बालपण दांडिया बाजारात गेले. घरात मराठी, ओट्यावर गुजराती, दूरदर्शनवर हिंदी आणि पुढे विद्यापीठात इंग्रजी, कारण महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम इंग्रजीच आहे. एकाच दिवसात या चारही भाषांतून जाणे आम्हाला जिना चढण्या-उतरण्याइतके सवयीचे होते, आणि त्यात काही विशेष आहे असे आमच्यापैकी कोणालाच वाटत नसे. मी ज्या रस्त्याने सायकलवरून कॉलेजला जात असे, त्यावर जुन्या कलाभवनाची इमारत लागते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून येऊन दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले, पुढे त्यांनी गोध्र्याला छायाचित्रकाराचा व्यवसाय केला आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, हे मला बडोद्यात कोणी सांगितले नव्हते; तेही पुण्यात पाठ्यपुस्तकात वाचले. मराठी माणसाने, गुजरातेत शिकून आणि काही काळ काढून, केलेला तो देशातला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट मूक होता आणि त्यातल्या पाट्या इंग्रजी नि हिंदीत होत्या. म्हणजे कोणती भाषा पडद्यावर ठेवायची हा प्रश्न आपल्या चित्रपटाला बोलायला यायच्या आधीपासूनचा आहे.

माझे खरे पहिले शिक्षण मात्र लग्नांत झाले. पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून मी मांडवीजवळच्या एका व्हिडिओवाल्याकडे मदतनीस म्हणून जात असे. सुरुवातीला दिवे धरणे आणि बॅटऱ्या सांभाळणे, नंतर दुसरा कॅमेरा. त्याने मला ठेवले ते मला मराठी आणि गुजराती दोन्ही लग्नांचे विधी ठाऊक होते म्हणून. गुजराती लग्नात वराला पोंखताना, म्हणजे दारात ओवाळून आत घेताना, सासू त्याचे नाक पकडायला जाते. तो क्षण सेकंदाचा असतो आणि तो हुकला की मुलीकडचे पैसे कापतात. फेरे चार असतात, सात नव्हेत, त्यामुळे हिंदी सिनेमे पाहून सातव्या फेऱ्यासाठी चांगली जागा राखून ठेवणारा कॅमेरावाला मोकळाच राहतो. आमच्याकडे अंतरपाट दूर होतो तेव्हा कॅमेरा दोघांच्या मध्ये, किंचित खाली असावा लागतो, नाहीतर चेहऱ्यांऐवजी भटजींचा हात आणि अक्षतांचा पाऊस तेवढा टिपला जातो.

एकदा वर मराठी आणि वधू गुजराती असे लग्न होते आणि मांडवात दोन्हीकडचे पुरोहित होते. मी अंतरपाटाच्या तयारीत, नजर व्ह्यूफाइंडरमध्ये. "सावधान" असा पुकारा ऐकला आणि सवयीने कॅमेरा वराच्या चेहऱ्यावर नेला. पण पुकारा होता गुजराती गोरमहाराजांचा, "कन्या पधरावो सावधान", आणि ते ऐकताच सगळा मांडव दाराकडे वळला होता, कारण मामा वधूला घेऊन येत होते. माझ्या चित्रीकरणात तीन-चारशे माणसांच्या पाठी आणि एकटा नवरा मुलगा एवढेच आले. एका भाषेत 'सावधान' हा विधीचा शेवट असतो, दुसरीत आरंभ. त्या दिवशी मला मेहनताना मिळाला नाही, पण शब्द ओळखीचा वाटला की कॅमेरा आधी फिरवायचा नाही, आधी माणसे कुठे पाहत आहेत ते पाहायचे, ही सवय लागली ती त्या मांडवात.

पुण्याच्या वर्षाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. भिंगे, प्रकाश, संकलनाचे सॉफ्टवेअर, सगळे नीट शिकवले गेले. पदविकेसाठी मी दहा मिनिटांची कथा केली, ती बडोद्यात घडणारी होती, आणि 'तलवार' प्रकरणाचा धसका घेतल्यामुळे त्यातील सर्व पात्रे अत्यंत शुद्ध मराठी बोलत होती. दांडिया बाजारातला भाजीवालासुद्धा "कोथिंबीर अगदी ताजी आहे हो, ताई" असे म्हणत होता. त्या लघुपटाला चांगले गुण मिळाले. तो मी घरी आजवर दाखवलेला नाही.

नंतरची पाच वर्षे मुंबईत सहायक संकलक म्हणून गेली, आणि माझ्या मते मी चित्रपट शिकले ते त्यातल्या चार महिन्यांत, जेव्हा मला येत नसलेल्या भाषेतला एक माहितीपट माझ्याकडे आला. तो केरळच्या मच्छीमारांवर होता आणि सगळा मल्याळममध्ये. दिग्दर्शकाने प्रत्येक मुलाखतीचा टाइमकोडसहित, म्हणजे मिनिट-सेकंदांच्या नोंदीसह, इंग्रजी तर्जुमा दिला होता. त्यावरून वाक्य कुठे संपते ते अंदाजाने ठरवायचे आणि कापायचे. पहिला कच्चा आराखडा पाहताना दिग्दर्शक एका जागी ताडकन उठून बसले. एक वृद्ध कोळी आपल्या भावाविषयी सांगत होता की त्या वादळाच्या दिवशी तो समुद्रावर गेलाच नव्हता, आणि मी कापलेल्या वाक्यात तो गेला होता. मल्याळममध्ये 'पोयी' म्हणजे गेला आणि 'पोयिल्ला' म्हणजे गेला नाही. शेवटचा 'ल्ला' मला श्वासासारखा वाटला होता आणि मी तो छाटून टाकला होता. लाज तर वाटलीच, पण त्याहून जास्त आश्चर्य वाटले ते हे की मराठीतही नकार शेवटीच येतो, आणि तरी मी शेवटपर्यंत थांबले नव्हते. त्यानंतर मी तर्जुमा बाजूला ठेवून ती माणसे आधी दोन-दोनदा नुसती ऐकली. श्वास कुठे घेतात, ओठ कधी मिटतात, पापणी कधी लवते. न समजणारी भाषा कापताना चेहरा वाचावाच लागतो. समजणाऱ्या भाषेत आपण शब्दांच्या नादी लागून चेहरा पाहायचे विसरतो.

२०१८ च्या अखेरीस मी बडोद्याला परतले. कारण घरगुती होते, पण परतल्यावर स्वतःचे काही करावे असे ठरवले होते, आणि विषय आयताच समोर होता. रावपुऱ्याच्या मागच्या एका बोळात, रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या खाली, बाजाची पेटी दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांचे दुकान होते. त्यांना सगळे 'मास्तर' म्हणत. लहानपणी मी वडिलांबरोबर आमची पेटी घेऊन तिथे गेले होते आणि भिंतीवर टांगलेले भाते पाहून घाबरले होते. बडोद्याला संगीताचा वारसा मोठा आहे. सयाजीरावांनी १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली, फैयाजखाँ इथे दरबारी गायक होते आणि हिराबाईंनी तर गावाचे नाव आडनाव म्हणून देशभर नेले. पण मला दरबारी संगीतावर माहितीपट करायचा नव्हता. ज्याच्याकडे सगळ्यांच्या पेट्या येतात, पण ज्याला कधी कोणी मैफलीत पुढे बसवत नाही, अशा माणसाकडे मला पाहायचे होते.

पहिले चित्रीकरण संपूर्ण वाया गेले. मी उसना कॅमेरा आणला, दुकानातले सामान हलवून मागची भिंत मोकळी केली, एक दिवा डावीकडून लावला, मास्तरांच्या सदऱ्याला माइक टोचला आणि त्यांना विनंती केली की माझा प्रश्न नंतर काढून टाकायचा असल्याने उत्तरात प्रश्नही गुंफावा. मास्तर नवा सदरा घालून आले होते. त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "हार्मोनियम हे एक वायुवाद्य असून त्याचा उगम पाश्चात्त्य देशात झाला." चाळीस मिनिटे ते असेच बोलले. आवाज त्यांचा होता, पण बोलत होती चौथीच्या पुस्तकातली भाषा, आणि ती मीच मागवली होती, कारण सुरुवातीला मीच म्हटले होते, "मास्तर, जरा शुद्ध मराठीत सांगाल ना?" माझ्या पदविकेच्या लघुपटातला भाजीवाला मला पुन्हा भेटला होता.

दुसऱ्या वेळी मी दिवा नेला नाही. कॅमेरा त्यांच्या कामाच्या फळीच्या कडेला ठेवला, माइक छताच्या हुकाला बांधला आणि म्हटले, "मला सूर लावायला शिकवा." मग मास्तर माझ्याशी बोलेनासे झाले आणि पेटीशी बोलू लागले, आणि तिथून माहितीपट सुरू झाला. पेटीतला सूर म्हणजे पितळेची एक लहानशी जीभ. पट्टी दाबली की भात्याची हवा तिच्याखालून जाते आणि ती थरथरते. ती टोकाकडे घासली की हलकी होते आणि सूर चढतो. मुळाकडे घासली की उतरतो. मास्तर जिभेखाली पातळ पत्रा सरकवत, कानस दोनदा हलकेच फिरवत, सूर परत घरात बसवत आणि ऐकत. मग "अजून नाही" असे पुटपुटून तोच खेळ पुन्हा. एका सप्तकाला अर्धा दिवस. नवे सूर ते पालिताण्याचे वापरत. शत्रुंजयाच्या देवळांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या गावात पेटीचे सूर हाताने घडवले जातात हे मला तिथेच कळले. पालिताण्याच्या कारागिराशी फोनवर बोलताना मास्तर गुजरातीत असत, कानस शोधताना मराठीत आणि कानस बोटाला लागली की हिंदीत.

असे सात महिने मी आठवड्यातून दोनदा जात होते. हातात पंचवीस तासांच्या वर चित्रीकरण होते आणि माहितीपटाला आकार असा नव्हताच. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात जवळपास पाचशे मिलीमीटर पाऊस पडला. विश्वामित्रीचे पाणी वस्त्यांत शिरले आणि पाण्याबरोबर नदीतल्या मगरीही. आजही हा माहितीपट पाहून बडोद्याबाहेरचा कोणीतरी विचारतोच की मगर का नाही दाखवली. मगर मी पाहिली नाही, आणि पाहिली असती तरी कॅमेरा काढला नसता, कारण त्या वेळी आम्ही पाच जण मास्तरांच्या दुकानातून पेट्या डोक्यावर घेऊन वरच्या माळ्यावर नेत होतो. दोन पायऱ्या खाली असलेले ते दुकान कमरेपर्यंत भरले होते. पेट्यांचे सांधे सरसाने चिकटवलेले असतात आणि सरस पाण्यात विरघळतो, त्यामुळे उचलल्यावर काही पेट्यांचा तळ पाण्यातच राहिला.

पाणी ओसरल्यावर आठवड्याभरात शहरातल्या भिजलेल्या पेट्या मास्तरांकडे येऊ लागल्या. मी एकोणीस मोजल्या. सत्संगाच्या गुजराती मंडळाची, दर्ग्यावर गाणाऱ्या कव्वालांची, गुरुद्वाऱ्यातल्या रागींची, शेजारच्या वाड्यातल्या भजनी मंडळाची, आणि नाशिकहून चातुर्मासात कीर्तनाला आलेल्या एका बुवांची. सगळ्या माळ्यावर ओळीने उघडून सावलीत ठेवल्या होत्या. उन्हात ठेवल्या तर लाकूड तडकते. मालक रोज येऊन विचारत की कधी होईल. मास्तरांचे उत्तर एकच होते, पण सत्संगाच्या बहेनला ते म्हणत, "वार लागशे, बहेन." वाड्यातल्या काकांना, "वार लागेल." नाशिकच्या बुवांना किंचित ताठ बसून, "वेळ लागेल, बुवा." आणि कव्वालांच्या तरुण मुलाला, "टाइम लगेगा, बेटा." मी कॅमेऱ्यामागे होते, आणि पुण्याच्या वर्गातला तो हशा मला इतक्या वर्षांनी पुन्हा ऐकू आला. मला ज्याची लाज वाटत होती तेच हा माणूस कसब म्हणून वापरत होता. 'वार' कुठे चालतो आणि कुठे चालत नाही हे त्याला नेमके ठाऊक होते.

संकलन मी घरीच केले. टाळेबंदीचे महिने त्यात गेले. एक मोठी वही आखली. टाइमकोड, जसे ऐकू आले तसे देवनागरीत, भाषा, अर्थ, आणि शेवटच्या रकान्यात माझे मत. तिसऱ्या दिवशी भाषेचा रकाना खोडावा लागला, कारण "आ सूर जरा घासायचा बाकी है" हे वाक्य कोणत्या भाषेत घालायचे याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. सत्तावीस मिनिटांचा माहितीपट तयार व्हायला दहा महिने लागले आणि त्यातले तीन महिने फक्त सबटायटलचे.

सबटायटल हे शेवटी चिकटवायचे काम, अशी माझी समजूत होती. इंग्रजी सबटायटलचा रिवाज असा की एका ओळीत बेचाळीसच्या आसपास अक्षरे, जास्तीत जास्त दोन ओळी, आणि पाटी सात सेकंदांपेक्षा अधिक ठेवायची नाही. एवढ्या जागेत माणूस बसवायचा. पहिली अडचण केरळची ओळखीची निघाली. मास्तर एका पूर्ण फुटलेल्या पेटीवर हात ठेवून म्हणतात, "ही आता वाजणार...", मग भाता एकदा रिकामा दाबतात, तीन सेकंद जातात, आणि म्हणतात, "नाही." इंग्रजी वाक्यात नकार आधीच येतो, म्हणजे मास्तर अजून भाता दाबत असतात आणि प्रेक्षकाला निकाल कळलेला असतो. शेवटी मी इंग्रजी वाक्याला प्रश्नाचे वळण दिले, मधले तीन सेकंद पडदा कोरा ठेवला आणि नकाराला एकट्याची पाटी दिली.

'वार'ने मात्र मला रडवले. चारही उत्तरांचे इंग्रजीत एकच वाक्य होत होते. तेच वाक्य चार वेळा पडद्यावर येताना पाहिले की मास्तर रटाळ वाटत, आणि प्रत्यक्षात तर तो माहितीपटातला सर्वांत चपळ क्षण होता. मी कंसात भाषेचे नाव घालून पाहिले. ते सरकारी अर्जासारखे दिसू लागले. प्रत्येक भाषेला वेगळा रंग दिला; मास्तरांचे मिश्र वाक्य आले की पाटी सर्कशीचा तंबू होई. हताश होऊन मी ग्रंथालयात जाऊन बडोदा सरकारने १९३१ साली छापलेला, राज्यकारभारातील शब्द आठ भाषांतून देणारा कोशही चाळला. राजाला आपल्या कचेरीत आठ भाषा एका ओळीत उभ्या कराव्याशा वाटल्या, हे वाचून धीर आला. पेटीच्या दुकानासाठी त्यातून काही मिळण्यासारखे नव्हते.

उत्तर सापडले ते भाषांतरात नव्हते. ती चार उत्तरे माझ्या आराखड्यात चार वेगवेगळ्या जागी विखुरलेली होती, कारण ती चार वेगवेगळ्या दिवशी दिली गेली होती. मी ती उचलून एकापाठोपाठ एक लावली. पहिल्या उत्तराला सबटायटल दिले आणि पुढच्या तिन्हींना काहीच नाही. मास्तरांचा सदरा दर वेळी बदलतो, समोरचा माणूस बदलतो, मास्तरांची बसण्याची ढब बदलते आणि शब्द बदलतो, पण मानेची हालचाल तीच राहते. भाषा न येणाऱ्यालाही कळते की उत्तर तेच आहे आणि तरी तेच नाही. मल्याळम न कळता जे शिकले होते ते आता, भाषा न कळणाऱ्या प्रेक्षकासाठी, उलट्या बाजूने वापरले. चार दिवस एकत्र आणणे प्रामाणिकपणाचे आहे का, असे एका मित्राने विचारले होते. सदरे बदलताना दिसतात, मी काही लपवलेले नाही, असे मी त्याला सांगितले. ते त्याला पटले की नाही ते माहीत नाही.

माहितीपट बाहेरगावच्या एका महोत्सवात निवडला गेला. तिथे त्या जागी प्रेक्षकांत एक मंद खसखस झाली आणि मला तेवढे पुरेसे होते. त्यानंतर २०२२ च्या गणेशोत्सवात आमच्या वाड्याच्या चौकात, पांढरी चादर ताणून, सबटायटल काढून टाकलेली प्रत दाखवली. "वार लागशे"ला कोणी हसले नाही. "वार लागेल"लाही नाही. त्यात हसण्यासारखे काय आहे? पण मास्तर बुवांपुढे ताठ बसून "वेळ लागेल, बुवा" म्हणाले तेव्हा चौक असा काही हसला की पुढची दोन वाक्ये कोणाला ऐकू आली नाहीत. पुणेरी झालेले मास्तर त्यांना फावले होते.

मास्तर पहिल्या रांगेत खुर्चीवर होते. ते हसले नाहीत. माहितीपट संपल्यावर त्यांनी नारळ घेतला, सर्वांना नमस्कार केला आणि मला एवढेच म्हणाले, "उद्या दुकानात ये." मी रात्रभर विचार करत होते की फुटकी पेटी दाखवल्याचा राग आला, की कव्वालांच्या मुलाशी झालेली पैशांची घासाघीस ठेवायला नको होती.

सकाळी गेले तर त्यांनी समोर पेटी ओढली, एक पट्टी दाबली आणि विचारले, "ही कुठली?" काळी एक, मी म्हटले. "आणि काल शेवटी सत्संगाची पेटी मी काळी एकमध्येच लावली की नाही? तुझ्या चित्रात ती पांढरी एकच्या जरा वर वाजत होती. ना इथली, ना तिथली. सगळ्याच पेट्या उतरल्यात. तू काय घासलंस, आणि कुठल्या बाजूनं?"

मी काही घासलेले नाही, असे सांगून घरी आले आणि मूळ फाइल लावून पाहिली. तिथे काळी एक बरोबर होती. मग महोत्सवासाठी केलेली प्रत लावली. मी चित्रीकरण सेकंदाला पंचवीस चौकटींनी केले होते आणि चित्रगृहाची प्रत चोवीसची हवी होती. ज्या ठिकाणी ती करून घेतली तिथे त्यांनी सरळ वेग चार टक्क्यांनी कमी केला होता, चित्राचाही आणि आवाजाचाही. आवाज संथ झाला की उतरतो, सुमारे पाऊण अर्धस्वर, म्हणजे काळी एक ते पांढरी एक या अंतराच्या पाऊणपट. सत्तावीस मिनिटांचा माहितीपट अठ्ठावीस मिनिटे सात सेकंदांचा झालेला मी प्रत हातात आली तेव्हाच पाहिला होता आणि श्रेयनामावलीचा हिशेब चुकला असेल म्हणून सोडून दिला होता. वाड्यातही, फक्त सबटायटल काढून, तीच प्रत लावली होती. महोत्सवात, परीक्षकांना, मला, कोणालाच काही कळले नव्हते, आणि माहितीपटाचा विषय होता सूर.

वेग बदलूनही आवाजाची पट्टी कायम ठेवता येते. ते सॉफ्टवेअरमध्ये कठीण नाही, फक्त कोणीतरी मागावे लागते. नवी प्रत घेऊन मी आठवड्याने दुकानात गेले. मास्तरांनी लॅपटॉप फळीवर ठेवायला लावला, डाव्या हाताने भाता धरला आणि माहितीपटातल्या प्रत्येक पेटीच्या जागी आपल्या पेटीची पट्टी दाबून ताडून पाहिले. मध्येच एक गिऱ्हाईक आले, त्यांना पट्टीवरचे बोट न उचलता म्हणाले, "ऊभा रहो." नाशिकच्या बुवांचा अभंग आला तेव्हा मात्र दोन सूर एकमेकांना चावू लागले. मी म्हटले, "हे अजून उतरलेलंच आहे, मी पुन्हा करून घेते."

"ते राहू दे," मास्तर म्हणाले. "बुवांची पेटी उतरलेलीच होती. तेव्हा ती माझ्याकडे यायची होती."